कधी इलंस? कधी जातलंस?

डिसेंबर लागला की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीचे रूप पालटते. एरवी लिफ्टमध्ये गुडघ्यांच्या तक्रारी सांगणारी मंडळी एकाएकी तरतरीत दिसू लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दोन वर्षे बंद पडलेला गीझर दुरुस्त करून घेतात. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक पिण्याच्या पाण्याचे मोठे जार मागवतात. कुणी माळ्यावरच्या गाद्या उन्हात टाकते, कुणी चकलीची भाजणी दळून आणते. मग एखाद्या पहाटे तीन-चारच्या सुमाराला गेटपाशी टॅक्सी थांबते, चाकांच्या बॅगा फरशीवर खडखडतात आणि वरच्या बाल्कनीतून एक आवाज येतो, "आले गं बाई एकदाचे!"

आमच्याही घरी हाच प्रकार. मुलगी-जावई टोरंटोला, नातू तिकडच्या बालवाडीत. ती येणार म्हटले की सौभाग्यवतीच्या अंगात महिनाभर आधीच वारे शिरते. परदेशातून घरी येणाऱ्याच्या या आनंदावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मीही तो आनंद घेतला आहे, त्यामुळे त्यात खोट काढण्याचा माझा विचार नाही. पण त्या आनंदाचा एक हिशेब माझ्याकडून मांडायचा राहिला होता. सारी हयात बँकेत गेल्यामुळे हिशेब राहिला की मला स्वस्थ झोप येत नाही. आज तो मांडतो.

१९९३ साली बँकेने मला तीन वर्षांसाठी मॉरिशसला पाठवले. पोर्ट लुईच्या शाखेत. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि कोकणातल्या माणसाला बोटीचे नाही तरी विमानाचे अप्रूप होतेच. देश सुरेख. चारी बाजूंनी समुद्र, मध्ये उसाचे मळे आणि काळे दगड. पाऊस पडला की मातीला आमच्या कणकवलीसारखाच वास येई आणि पोटात कालवून येई. घड्याळ भारताच्या दीड तास मागे. संध्याकाळी शाखा बंद करताना मनात यायचे, आता घरी दिवेलागण होऊन गेली, दादा गोठ्यातून आत आला असेल, आई देवापाशी बसली असेल. फोन महाग. पत्राला पंधरा दिवस. आईचे पत्र म्हणजे दादाच्या अक्षरातल्या दहा ओळी आणि खाली तिची वेडीवाकडी सही.

दीड वर्षाने पहिली रजा मिळाली. १९९४चा गणपती. एकवीस दिवस. मी ते एकवीस दिवस नोटा मोजाव्यात तसे कितीदा मोजले असतील! पोर्ट लुईच्या दुकानांतून आईला शाल, वडिलांना टॉर्च, दादाला शर्टपीस, वहिनींना साडी आणि घराला म्हणून व्हॅनिलाचा वास असलेल्या तिथल्या चहाची चार पाकिटे घेतली. विमान सहा तासांत सहारला पोचले. पुढे मुंबई ते कणकवली हा प्रवास मात्र बारा-चौदा तासांचा. कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८चा जानेवारी उजाडायचा होता. गणपतीची जादा एस.टी., मांडीवर पिशवी, पायाशी कुणाचे तरी मखराचे सामान. वडखळला चहा, कशेडीच्या घाटात धुके, पहाटे कुठेतरी खिडकीतून आत आलेला ओल्या भाताच्या शेतांचा वास. त्या वासाने मला जाग आली आणि मी खरोखर पोचलो.

घराच्या बेड्यात शिरतो न शिरतो तोच पलीकडच्या परड्यातून हाक आली, "कधी इलंस?" हात वर करून "हा काय, आत्ताच," म्हणतो तोवर दुसरा प्रश्न, "कधी जातलंस?"

मालवणी मुलुखाबाहेरच्या माणसाला हा दुसरा प्रश्न उद्धट वाटतो. पाऊल घरात पडायच्या आधीच जाण्याची चौकशी! पण त्यामागे व्यवहार असतो. हा किती दिवस आहे, त्यात याला आपल्याकडे जेवायला कधी बोलवायचे, मुलीच्या स्थळाचे याच्या कानावर कधी घालायचे, ग्रामदेवतेला नारळ कधी ठेवायचा, हे सगळे त्या एका उत्तरावर ठरते. परदेशात दीड वर्षात मला कुणी, "तुम्ही कधी आलात?" असे विचारले नव्हते. माझ्या येण्या-जाण्याची नोंद फक्त पासपोर्टावर होती. इथे मात्र खळ्यात पोचेपर्यंत पाच घरांनी माझी नोंद घेतली होती.

आईने मला पाहिले आणि पहिले वाक्य उच्चारले, "बारीक झालंस रे." वास्तविक माझे वजन पाच किलोंनी वाढले होते. वडील पडवीत बसून होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता बाकावरचा पंचा उचलून माझ्यासाठी जागा केली. मी बसलो. आम्ही दोघे समोरच्या पावसाकडे बघत राहिलो. ती पाच-दहा मिनिटे माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या वेळांपैकी एक आहेत.

त्या चहाची मात्र फजिती झाली. आईने पाकीट नाकाशी नेले आणि विचारले, "ही चाय पिवची काय कानात घालूची?" अत्तराचा फाया कानात ठेवतात, तसा तो वास तिला वाटला. पाकिटे कपाटात गेली आणि पुढे कितीतरी वर्षे तिच्या लुगड्यांना व्हॅनिलाचा वास येत असे.

मग ते दिवस कसे गेले ते कळलेच नाही. गणपतीवर माटवी बांधायला मी कवंडळे आणि हरणे शोधत रान तुडवले. रात्री भजने, भजनानंतर काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी खतखते, नेवऱ्या, मोदक. विसर्जन झाल्यावर तिरफळे घातलेला बांगडा. मी झोपून उठे तेव्हा न्हाणीत पाणी तापलेले असे. पानावर बसे तेव्हा ताट वाढलेले असे. आपल्याकडे असले लाड बायकांच्या वाट्याला येतात, तेही माहेरी गेल्यावर चार दिवस. पुरुषाला माहेर नसते, कारण तो घरातच असतो. परदेशच्या नोकरीने पुरुषांनाही माहेर दिले, असे मी त्या वेळी मोठ्या कौतुकाने एका मित्राला लिहिल्याचे आठवते.

निघायच्या पहाटे वहिनी चुलीपाशी बसून पुड्या बांधत होत्या. आमसुले, कुळथाची पिठी, फणसपोळी, मालवणचे खाजे. त्यांच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. "काय झाले?" म्हणून विचारले, तर "काय नाय, विळी लागली," म्हणाल्या. मला गहिवरून आले. पण तो गहिवर माझ्या निघण्याचा होता, त्यांच्या अंगठ्याचा नव्हता, हे आज प्रामाणिकपणे सांगतो.

१९९६च्या फेब्रुवारीत वडील गेले. शाखेत फोन आला तेव्हा दुपार होती. विमान रोज नव्हते. मी चौथ्या दिवशी घरी पोचलो. या खेपेला परड्यातून कुणी काही विचारले नाही. खळे सारवलेले होते, पडवीतला बाक तसाच होता, त्यावर पंचा नव्हता. सारे काही दादाने केले होते. शेवटचे दोन महिने त्यांना उठवणे-बसवणे, कणकवलीहून डॉक्टर आणणे, रात्री जागणे. मला पत्रात त्याने एवढेच लिहिले होते की, बाबांची तब्येत थोडी नरम आहे.

दहाव्याच्या रात्री आम्ही दोघे भाऊ खळ्यात बसलो होतो. मी म्हणालो, "गणपतीला आलो होतो तेव्हा किती आनंदात होते ते." दादा बराच वेळ गप्प राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू इलंस काय सगळ्यांका बरा वाटता. पण बरा वाटूक हंय कोणतरी होयो मां?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. दादा रागावत नाही. पण ते वाक्य माझ्या जन्माला पुरले. त्याच रात्री ओघात आणखी एक गोष्ट कळली. वहिनींचे माहेर वेंगुर्ल्याचे, आमच्या गावापासून साठेक किलोमीटरवर. दरवर्षी गणपती झाले की त्या दोन दिवस माहेरी जात. वर्षातले तेवढेच दोन दिवस. १९९४ साली मी आलो, म्हणून त्या गेल्या नाहीत. त्या वर्षाअखेर त्यांची आई वारली. माझ्या माहेरपणाची किंमत कुणी भरली होती, ते मला दीड वर्षाने समजले आणि तेही कुणी तक्रार म्हणून सांगितले नाही.

मॉरिशसहून परतल्यावर काही वर्षे मी कोकणातल्याच एका शाखेचा व्यवस्थापक होतो. आखाती देशांत गेलेल्यांची खाती आमच्याकडे भरपूर. मे महिन्यात नाहीतर गणपतीला ही मंडळी येत. कोऱ्या शर्टाच्या खिशात पासपोर्ट, हातात घड्याळ, मागे आई नाहीतर बायको. ती बाकावर बसून राही आणि तो काउंटरवर पासबुक भरून घेई. पासबुकात त्याने पाठवलेला पैसा न् पैसा उमटे. कष्टाचा पैसा होता तो, त्यात शंका नाही. वाळवंटातल्या उन्हात मिळवलेला. आजही या देशात परदेशस्थ भारतीयांकडून येणारी रक्कम थोडीथोडकी नाही, २०२३ साली ती १२० अब्ज डॉलरच्या आसपास होती. तिचा आकडा निघतो, वर्तमानपत्रात छापून येतो. बाकावर बसलेल्या त्या बाईने वर्षभरात सासऱ्याला कितीदा दवाखान्यात नेले, कितीदा कौले परतून घेतली, तिन्हीसांजेला एकटीने किती दिवे लावले, याचे पासबुक मात्र कुठल्याच बँकेत निघत नाही. आणि घरी आल्यावर तो जो आनंद काढून घेतो, तो याच दुसऱ्या खात्यातून.

सामानावाचूनचा आनंदही मी पाहिला आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीय, बहुतेक जॉर्डनच्या अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी आणले गेले. मी तेव्हा मुंबईच्या शाखेत होतो. एक गृहस्थ बायकोसह आले. अंगावरच्या कपड्यांनिशी परतलेले. खिशात कुवेतचे थोडे दिनार होते, ते बदलून द्यायला कुणी तयार नव्हते. बारा वर्षांची कमाई तिकडे अडकलेली. तो खाली मान घालून बसला होता आणि बायको मात्र आम्हा सगळ्यांकडे बघून हसत होती. "माणूस आला ना साहेब," एवढेच ती म्हणाली. 'घरी येणे' म्हणजे काय, हे त्या बाईइतके स्वच्छ मला कुणी सांगितलेले नाही.

आणि ज्यांना यायला घरच उरले नाही, त्यांचे काय? पोर्ट लुईच्या आमच्या शाखेत एक मॉरिशियन सहकारी होते. मराठी वंशाचे. घरात क्रिओल बोलत. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी धोतर नेसून गणपती समुद्रावर नेत आणि आरती तोंडपाठ म्हणत, पण तिचा अर्थ त्यांना सांगता येत नसे. १८३४पासून पुढे सुमारे नव्वद वर्षांत मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी भारतातून साडेचार लाखांहून अधिक माणसे करारावर नेण्यात आली. ती जिथे उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्या कोकणातलेही लोक होते. मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळची नोंदपुस्तके जपून ठेवली आहेत. या सहकाऱ्यांनी तिथून आपल्या पूर्वजाचा क्रमांक मिळवला होता, गावाचे नावही मिळवले होते. पण ते परक्या कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले.

१९९९ साली ते भारतात आले. ते नाव घेऊन आम्ही दोघे चार दिवस हिंडलो. तहसील कचेरी झाली, दोन देवळांतले पुजारी झाले, एक म्हातारे खोत झाले. गाव काही लागले नाही. शेवटी मी त्यांना आमच्या घरी घेऊन गेलो. ऊन टळटळत होते. वहिनी खळ्यात कोकमे वाळत घालत होत्या. त्यांनी पदर सावरला आणि मलाच विचारावे तसे त्यांना विचारले, "कधी इलास? बसा, पेज घेवा."

मी त्याचा अर्थ सांगितला. ते गृहस्थ बाकावर बसले आणि चेहरा ओंजळीत घेऊन रडले. नंतर म्हणाले, पाच पिढ्यांत आमच्या घरातल्या कुणालाही हे कुणी विचारलेले नाही. त्यांना गाव मिळाले नाही, पण तो प्रश्न मिळाला. पुढची कितीतरी वर्षे गणपतीला त्यांचे शुभेच्छापत्र येई, तेही माझ्या नव्हे, वहिनींच्या नावावर.

आता माझी जागा बदलली आहे. आई २००९ साली गेली. मुलगी परदेशी आणि वाट बघणारा मी. २०२०च्या मार्चमध्ये करोनामुळे आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, ती नियमित सुरू व्हायला २०२२चा मार्च संपत आला. त्या काळात नातू पडद्यावर रांगायला लागला, पडद्यावरच चालायला लागला. वाट बघणे हेही एक कष्टाचे काम असते, हे मला तेव्हा कळले. दादाने आणि वहिनींनी ते तीस वर्षे केले होते.

२०२२च्या डिसेंबरात मुलगी आली. आल्या-आल्या म्हणाली, "बाबा, आधी गावाला जाऊ." एका रात्री जेवणानंतर मी तिला दादाचे ते वाक्य आणि वेंगुर्ल्याची हकीकत सांगितली. तिला काहीच ठाऊक नव्हते. ती ऐकत राहिली. सकाळी उठून काकूंपाशी गेली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही आणि काका आठ दिवस वेंगुर्ल्याला जा. घर आम्ही बघतो."

घरात एकच गोंधळ. गाय कोण बघणार? देवापुढे दिवा कोण लावणार? पाहुण्यांना घरात टाकून यजमान गावाला गेले, तर लोक काय म्हणतील? वहिनींचे वय सत्तर, दादाचे बहात्तर. लग्न झाल्यापासून दोघे एकाच वेळी घराबाहेर कधी राहिले नव्हते, कारण घरात कुणीतरी लागते. माझी मुलगी हट्टाला पेटली. "आम्ही पाहुणे नाही ना? मग घर राखता यायला नको?" या प्रश्नावर दादापाशी उत्तर नव्हते. वहिनींचे धाकटे भाऊ वेंगुर्ल्याला होते, ते गाडी घेऊन आले. गाडीत बसल्यावरही वहिनी काच खाली करून सांगत होत्या, "तुळशीक पाणी घाला, विसरा नको."

ते आठ दिवस आम्ही घर चालवले, असे म्हणायचे. गाईने मला दोनदा लाथ मारली. जावयाने चूल पेटवताना डोळे लाल करून घेतले. सौभाग्यवतीच्या गुडघ्यांना माडीच्या पायऱ्या पुरल्या. सकाळी पाणी तापवण्यापासून रात्री कडी लावेपर्यंत काम संपत नव्हते, आणि त्यात कुणी पाहुणाही यायचा नव्हता. मुलगी चौथ्या दिवशी पडवीत येऊन धपकन बसली आणि म्हणाली, "बाबा, आपण इथे येऊन नुसते जेवतच होतो." मी म्हणालो, "हो."

नवव्या दिवशी संध्याकाळी बेड्याशी गाडीचा आवाज आला. नातू धावत पुढे गेला. मी खळ्यात उभा होतो. दादा उतरला, मागोमाग वहिनी. हातात माशांची पिशवी, डोक्यात अबोलीचा वळेसर, तोंडावर अशी टवटवी की क्षणभर मला ओळखू येईनात. भावाच्या बायकोने त्यांना आठ दिवस चुलीपाशी जाऊ दिले नव्हते. मी मोठ्याने विचारले, "कधी इलास?"

वहिनी थबकल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी सगळ्या जगाला विचारला होता, पण या खळ्यात तो त्यांना कुणी विचारल्याचे मला तरी आठवत नाही. त्यांनी आधी तुळशीकडे नजर टाकली. माती ओली होती. मग पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "आत्ताच इलंव. चाय ठेवा आदी."

मी चहा ठेवायला आत गेलो.